क्लीनर साइडने पॅसिफिक

अमेरिकेत आई-बाबा पहिल्यांदा आले की त्यांना काय काय दाखवायचं, याचा एक ठरलेला सिलॅबस आहे. गोल्डन गेट, लास व्हेगास, ग्रँड कॅनियन, युनिव्हर्सल स्टुडिओ आणि दिवस उरलेच तर पार पलीकडच्या टोकाचा नायगारा. प्रत्येक ठिकाणी एक फोटो. साडीवर स्वेटर, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज आणि चेहऱ्यावर ‘झालं का एकदाचं?’ असा भाव. असा एखादा फोटो तुमच्याही घरच्या शोकेसमध्ये असणार, पैज लावते!

मी यातलं बरंचसं ऑप्शनला टाकलं आणि सलग चार दिवस एका रस्त्याला दिले. कारण माझे बाबा एसटीचे ड्रायव्हर. चिपळूण आगार, ३१ वर्षं, २०१२ मध्ये रिटायर. कुंभार्ली, आंबा, परशुराम ही घाटांची नावं ते नातेवाइकांची घ्यावीत तशी घेतात. अशा माणसाला लास व्हेगासचे दिवे काय दाखवायचे? त्यापेक्षा रस्ताच दाखवू म्हटलं.

तो रस्ता म्हणजे कॅलिफोर्नियाचा हायवे वन. सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस घाईत जायचं असेल तर आतून आय-फाइव्ह आहे. सरळसोट, कंटाळवाणा, साधारण सहा तास. हायवे वन मात्र पॅसिफिकचा पदर धरून, वळणं घेत घेत जातो. तुम्हालाही कधी जायचं असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा, उत्तरेकडून दक्षिणेकडे जा. अमेरिकेत गाड्या उजवीकडून चालतात, त्यामुळे खाली येताना समुद्र तुमच्याच बाजूला राहतो. मधली लेन नाही, समोरून येणारी गाडी नाही. तुम्ही, कठडा आणि पाणी.

ऑक्टोबर २०२२. दिवाळी दहा-बारा दिवसांवर आलेली. सात सीटची भाड्याची गाडी, स्टिअरिंगवर माझा नवरा, शेजारी बाबा, मागे आई आणि मी, आणि सगळ्यात मागे शाळेला दांडी मारून खुशीत असलेली सात वर्षांची लेक. बाबा बसले, बेल्ट लावला, समोर बघितलं आणि म्हणाले, “म्हणजे मला क्लीनर साइडला बसवलंत तर!” ट्रक-बसवाल्यांच्या भाषेत ड्रायव्हरच्या पलीकडची बाजू ती क्लीनर साइड. आयुष्यभर या माणसाने रस्ता दुसऱ्या बाजूने बघितलेला.

गाडी चालवायची इच्छा होती का? मी विचारलं होतं. “नको गं. डावीकडे स्टिअरिंग म्हटल्यावर माझे पायच कबूल होणार नाहीत.” पाय मात्र चार दिवस चालूच होते. प्रत्येक वळणावर उजवा पाय रबरी मॅटवर दाबला जायचा आणि पाठोपाठ हलकेच, “जावईबापू, इथे सेकंड टाका.” गाडी ऑटोमॅटिक. नवरा गुणी, तो “हो बाबा” म्हणून नुसता हात हलवायचा.

या ट्रिपची तिकिटं खरं तर एप्रिल २०२० ची होती. व्हिसा २०१९ मध्येच झाला होता, बॅगा अर्ध्या भरल्या होत्या, मेतकूट-भाजणी दळून झाली होती... पुढचं तुम्हाला माहीत आहे. आम्ही २०१८ मध्ये इकडे आलो तेव्हा लेक तीन वर्षांची होती. आजी-आजोबा तिला मधली अडीच वर्षं फक्त फोनच्या स्क्रीनवर भेटत होते. त्यामुळे पहिल्या दिवशी गाडीत जो काही गोंधळ होता, तो मी मुद्दामच थांबवला नाही. बाबांनी तिला एसटीच्या बेलचं शास्त्र शिकवलं. एक टिंग म्हणजे थांबा, दोन टिंग म्हणजे निघा. पुढचे चार दिवस एकही सिग्नल या कंडक्टरबाईंच्या डबल बेलशिवाय सुटला नाही.

भोपळे, स्ट्रॉबेरी आणि तारली

पहिला मुक्काम माँटरे. वाटेत हाफ मून बे लागतं आणि ऑक्टोबरात ते गाव नुसतं भोपळी रंगाचं होतं. दरवर्षी तिथे सगळ्यात जड भोपळ्याची स्पर्धा भरते. त्या वर्षी पहिला आलेला भोपळा होता २,५६० पौंडांचा, म्हणजे ११६० किलोच्याही वर! “यात म्हातारीच काय, लेकीचं अख्खं सासर बसेल,” इति आई.

सांताक्रूझच्या पुढे वॉट्सनव्हिलला स्ट्रॉबेरीची शेतं सुरू होतात. महाबळेश्वरची आठवण येणार, असं मला वाटलं होतं. आईला आठवली भाताची लावणी. कारण तिने स्ट्रॉबेरी बघितलीच नाही, कमरेत वाकून ओळीने पुढे सरकणारी माणसं बघितली. “यांच्याही कमरा रात्री दुखत असतील,” एवढंच म्हणाली. पुढे कॅस्ट्रोव्हिल. हे गाव स्वतःला आर्टिचोकची राजधानी म्हणवतं. कमळाच्या मिटलेल्या कळीसारखी दिसणारी ही भाजी आईने हातात घेतली, उलटीपालटी केली, आणि सोलल्यावर खाण्याजोगं किती उरतं ते कळल्यावर शांतपणे परत ठेवली.

माँटरेचं मत्स्यालय मात्र चुकवू नका. ते १९८४ मध्ये उघडलं, तेही एका जुन्या मासळी कारखान्याच्या जागेवर. एके काळी या गावात सार्डिन डबाबंद करण्याचे कारखाने ओळीने उभे होते. सार्डिन म्हणजे आपल्या तारलीच्या जातकुळीतला मासा. १९४० च्या दशकाच्या शेवटी तो समुद्रातून जवळजवळ नाहीसा झाला आणि एकेक कारखान्याला टाळं लागलं. जॉन स्टाइनबेकची ‘कॅनरी रो’ ही कादंबरी १९४५ ची. ती इतकी गाजली की १९५८ मध्ये त्या रस्त्याचं नावच कॅनरी रो करून टाकलं. तोवर कारखाने जवळपास संपलेले. काचेच्या टाकीत चांदीच्या जरीसारखा गोल गोल फिरणारा सार्डिनचा थवा आई अर्धा तास बघत होती. मग हळूच, “ताजी आहेत.”

नेटवर्क गेलं!

कारमेलच्या पुढे सॅन सिमियनपर्यंतचा सुमारे १४५ किलोमीटरचा पट्टा म्हणजे बिग सर. एका बाजूला सांता लुसिया डोंगर, दुसऱ्या बाजूला थेट महासागर, आणि मध्ये दोन लेनचा रस्ता. पेट्रोल माँटरे-कारमेललाच भरून घ्या, पुढे पंप मोजके आणि भाव डोळे पांढरे करणारे. नकाशा आधीच डाऊनलोड करून ठेवा. गाडी लागणारं कोणी बरोबर असेल तर आलेपाक खिशात हवाच. आणि हो, मोबाइलला रेंज नसते. एखाद-दुसऱ्या वळणावर नाही, सलग काही तास नसते.

पण बाबांचं काय सांगू! मी समुद्राचे फोटो काढत होते आणि बाबा डोंगराकडे बघत होते. कातळावर ठोकलेल्या लोखंडी जाळ्या, संरक्षक भिंती, पाणी काढून द्यायला घातलेले पाइप. बिक्सबी पूल आला तेव्हा मी उत्साहाने सांगायला लागले, १९३२ चा, काँक्रीटची एकच मोठी कमान, खालच्या ओढ्यापासून ८० मीटरच्या आसपास उंच. बाबांनी विचारलं, “आणि त्याआधी लोक कसे जात होते?” बरोबर प्रश्न! त्याआधी डोंगरातून कच्ची वाट होती आणि पावसाळ्यात ती बंद पडली की माणसं अडकून पडत. १९१९ मध्ये काम सुरू झालं ते १९३७ मध्ये रस्ता संपूर्ण खुला होईपर्यंत चाललं. १८ वर्षं. सॅन क्वेंटिन तुरुंगातले कैदी कामाला होते. रोज ३५ सेंट आणि शिक्षेत सूट. बाबा बराच वेळ गप्प होते.

त्यांना सगळ्यात जास्त आवडला तो इथला एक नियम. दोन लेनच्या अशा रस्त्यावर तुमची गाडी हळू चालत असेल आणि मागे पाच किंवा जास्त गाड्या जमल्या, तर पहिल्या मोकळ्या जागी बाजूला होऊन त्यांना वाट द्यायची. कायदाच आहे तसा. “आपल्याकडे घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते,” बाबा म्हणाले, “कायद्यात आहे. देतं कोण?” मग मागच्या गाड्या मोजायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. “जावईबापू, चार झाल्या. बघून ठेवा जागा.”

मॅकवे धबधब्यापाशी थांबलो. सुमारे २५ मीटरवरून पाणी थेट वाळूवर पडतं. ती वाळूही जुनी नाही. १९८३ मध्ये शेजारीच मोठी दरड कोसळली, तिची माती समुद्रात गेली आणि लाटांनी आणून इथे किनारा तयार केला. तोपर्यंत धबधबा सरळ समुद्रात पडत होता. दरड हा शब्द निघाला आणि गाडीत परत बसताना आई सारखा फोन बघत होती. “अजून रेंज नाही का गं? कुणाचा फोन आला असला तर?”

कुणाचा येणार होता फोन? आम्ही पाचही जण एकाच गाडीत होतो. पण मला कळलं.

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी भरलं तेव्हा कॅलिफोर्नियात आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. वाशिष्ठीचं पाणी आमच्या ओट्यावर चढल्याचा व्हिडिओ आईने पाठवला. नंतर दोन्ही फोन बंद. एसटीचं आगार बुडालं, कर्मचारी रोकड घेऊन बसच्या टपावर बसून राहिले, हे मला इथे बातम्यांत दिसत होतं, माझे आई-बाबा कुठे आहेत ते दिसत नव्हतं. ते शेजारच्यांच्या दुसऱ्या मजल्यावर होते. हे मला दोन दिवसांनी कळलं, भलत्याच कुणाच्या तरी फोनवरून. त्या वर्षी मे ते नोव्हेंबर भारतातून अमेरिकेत यायला आमच्यासारख्या बहुतेक व्हिसावाल्यांना बंदी होती. मी गेले असते तर परत येता आलं नसतं. घरातला चिखल आई-बाबांनी उपसला. महिना लागला.

तेव्हापासून एक विषय आमच्या घरात होता आणि कोणी तो काढत नव्हतं. पुण्याला बावधनमध्ये आमचा फ्लॅट आहे, सातव्या मजल्यावर. चिपळूणचं घर विकून तुम्ही तिथे राहायला या, हे मला म्हणायचं होतं. अमेरिकेत कायमचं आणणं आमच्या हातात नाही. पालकांसाठी अर्ज करायचा तर आधी आम्ही इथले नागरिक व्हायला हवं आणि आम्ही अजून ग्रीन कार्डच्याच रांगेत. व्हिजिटर म्हणून एका खेपेला साधारण सहा महिने, बस! फोनवर हा विषय निघाला की बाबा म्हणायचे, “आवाज कट होतोय तुझा.” इथे फोनच नव्हता.

मी विषय काढला.

“रस्ता बघतेयस ना?” बाबा म्हणाले. “किती वेळा तुटलाय? तूच सांगितलंस.” सांगितलं होतं खरं. मे २०१७ मध्ये पुढे मड क्रीकला अख्खा डोंगर खाली आला, रस्ता १४ महिने बंद. सुमारे साडेपाच कोटी डॉलर खर्चून तो त्याच दरडीवरून नव्याने बांधला. जानेवारी २०२१ मध्ये रॅट क्रीकला रस्त्याचा तुकडा वाहून गेला, तो एप्रिलमध्ये पुन्हा जोडला. “म्हणून यांनी रस्ता सोडला का?”

“बाबा, रस्त्याला गुडघे नसतात. तुम्हाला आहेत.”

एवढ्यात पिटकिन्स कर्व्ह आलं आणि वाद राहिला बाजूला! या वळणावर वर्षानुवर्षं दगड पडत. शेवटी २०१४ मध्ये दोन गोष्टी बांधून झाल्या. एक पूल, ज्याच्या खालून दरडीचे दगड समुद्रात जातात. आणि त्याला लागूनच रस्त्यावर काँक्रीटचं छत, ज्याच्या वरून दगड घरंगळत जातात. बाबांनी गाडी पुढच्या जागेवर थांबवायला लावली आणि खाली उतरून मागे वळून बघत राहिले. “अडवलंच नाही गं यांनी. वाट करून दिली. एकीकडे खालून, एकीकडे वरून.” परत गाडीत बसेपर्यंत त्यांचा प्लॅन तयार होता. चिपळूणच्या घराचा तळमजला मोकळा करायचा. स्वयंपाकघर, कपाटं, मीटर सगळं वर न्यायचं. खाली नुसते खांब आणि ओटा. “पाणी येईल आणि जाईल.”

प्लॅन वाईट नव्हता, हे मला मान्य आहे. पण पाण्याबरोबर येणारा चिखल, वीज नसलेले चार दिवस, बंद फोन, यांचं काय? मी बोलायला लागले, नवरा आरशातून माझ्याकडे ‘जरा दमाने’ असं बघायला लागला, बाबांचा पाय मॅटवर...

“मला कोणी विचारलंय का?” आई म्हणाली.

खरंच, कोणी विचारलं नव्हतं. बाबा चिपळूण म्हणत होते, मी पुणे म्हणत होते, आणि आई दोघांच्या मध्ये डबा उघडून दशमी-चटणी वाटत होती.

“चिखल मी काढला,” ती म्हणाली. “हे आगारात मदतीला गेले होते चार दिवस. लग्नातली पैठणी मी टाकून दिली, फोटोंचा अल्बम मी टाकून दिला. पाणी येईल आणि जाईल म्हणता, येताना ते मला विचारून येत नाही. मला पावसाळ्यात तिथे झोप लागत नाही, अहो. रात्री दोनदा उठून नदीचा अंदाज घेते मी.” बाबांना हे माहीत नव्हतं. माणूस शेजारी झोपतो आणि त्याला माहीत नसतं!

“आणि घर विकायचं नाही,” हे माझ्याकडे वळून. “पुण्यात वर्षभर मी काय करू, लिफ्टने वर-खाली? साधूसुद्धा चातुर्मासात एका जागी थांबतात. पावसाळा सुरू झाला की आपण पुण्यात थांबायचं. गणपतीला घरी. मग पुढच्या पावसाळ्यापर्यंत चिपळूण.”

गाडीत कोणी काही बोललं नाही. मागून टिंग टिंग आलं. मागे सहा गाड्या खोळंबल्या होत्या आणि त्या कोणी मोजल्याच नव्हत्या.

सील, झेब्रे आणि बाकीचं

सॅन सिमियनच्या थोडं अलीकडे रेंज परत आली आणि सगळ्यांचे फोन एकदम किणकिणले. ऑफिसचे ३८ मेल. त्यातल्या एकाचंही उत्तर त्या दिवशी दिलं नाही, त्याने कंपनी बुडाली नाही!

तिथेच पिएद्रास ब्लांकासच्या किनाऱ्यावर एलिफंट सील पसरलेले असतात. १९९० मध्ये पहिले काही आले, १९९२ मध्ये पहिलं पिल्लू जन्मलं आणि आता ही वस्ती हजारोंच्या घरात आहे. अवाढव्य नर बघायचे तर डिसेंबर-जानेवारीत जा. ऑक्टोबरात तरुण मंडळी असतात, वाळू अंगावर उडवत झोपणारी. बघायला तिकीट नाही, रस्त्यालगतच लाकडी मार्ग आहे, आणि आई-बाबांच्या गुडघ्यांना एकही पायरी चढावी लागत नाही. जवळच टेकडीवर वर्तमानपत्रांचा सम्राट हर्स्ट याचा महाल आहे. ज्युलिया मॉर्गन या बाईंनी १९१९ पासून जवळजवळ तीस वर्षं तो बांधला. आम्ही वर गेलो नाही. हर्स्टच्या खासगी प्राणिसंग्रहालयातल्या झेब्र्यांचे वंशज मात्र अजून त्या कुरणात चरतात. रस्त्यावरून दिसले आणि लेकीला महालापेक्षा तेच पुरले.

सांता बार्बरा सुंदर आहे, महाग आहे, पुढे जाऊ. मालिबू ते सांता मोनिकाचा शेवटचा पट्टा आम्ही संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये रखडत पार केला. तेव्हा वैतागले होते. जानेवारी २०२५ च्या वणव्यात त्याच रस्त्याकडेची कित्येक घरं जळून गेली. मग त्या दिवशी काढलेले कंटाळलेले, कोणाच्याही गॅरेजचे फोटो मी जपून ठेवले.

बिग सरही आम्ही गेलो तेव्हाचा राहिला नाही. आमच्यानंतर तीनच महिन्यांनी, जानेवारी २०२३ मध्ये दरड कोसळली. २०२४ मध्ये आणखी दोन ठिकाणी रस्ता गेला. सलग रस्ता पुन्हा खुला व्हायला जानेवारी २०२६ उजाडला. त्यामुळे हॉटेलं बुक करण्याआधी कॅलट्रान्स या तिथल्या रस्ते खात्याच्या वेबसाइटवर रस्ता खुला आहे का ते बघाच. बाबा माझ्या आधी बघतात. मधली तीन वर्षं दर रविवारच्या फोनवर त्यांचा दुसरा प्रश्न ठरलेला असायचा, “तुमचा रस्ता कुठवर आला?”

आणि चिपळूण? तळमजला मोकळा झाला. स्वयंपाकघर वर गेलं. जून २०२३ पासून दर पावसाळ्यात दोघं बावधनला असतात आणि गणपतीच्या आठ दिवस आधी परततात. आईला झोप लागते. बाबांची तक्रार आहे की सातव्या मजल्यावरून पाऊस पडताना दिसतो, आवाज काही येत नाही.